कूलिंग कर्व्ह पहिल्यांदा काढताय? मग कथलापासून सुरुवात करा

कॉलेजला असताना फेज डायग्राम, म्हणजे मिश्रणाचं प्रमाण आणि तापमान यांवरून धातू द्रव की घन हे दाखवणारा नकाशा, पाठ केलेला असतो, परीक्षेत काढून मार्कही मिळालेले असतात, पण त्या रेघा आल्या कुठून हे कुणी विचारलं की आपण गप्प. त्यातल्या बऱ्याच रेघा सुरुवातीला अशाच आल्या, वितळलेला धातू गार होऊ द्यायचा, आत थर्मोकपल (दोन वेगळ्या तारांच्या जोडाचा तापमान मोजायचा सेन्सर) ठेवायचा, वेळ आणि तापमान लिहीत बसायचं, ते कागदावर मांडलं की झाला कूलिंग कर्व्ह. आज हेच काम दोन-अडीचशे ग्रॅम धातू, एक के टाइप थर्मोकपल आणि लॅपटॉप एवढ्यावर होतं. कोल्हापूरकडच्या बिडाच्या फाउंड्रीत तर भट्टीशेजारी सीई मीटर (सीई म्हणजे कार्बन इक्विव्हॅलंट, कार्बन आणि सोबतच्या सिलिकॉन-फॉस्फरसचा एकत्र हिशोब) लावलेलाच असतो, मेल्टर कपात मेटल ओततो आणि दोन-तीन मिनिटांत आकडा बघून भट्टीत कार्बन टाकायचा का स्टील स्क्रॅप ते ठरवतो. पण त्या मीटरच्या आत नक्की काय चाललंय हे नवीन पोरांना कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी मुद्द्याचं एकच सांगतो, मग बाकीचं. कूलिंग कर्व्ह हे तुलनेचं साधन आहे. तोच थर्मोकपल, तोच कप, तेवढंच वजन, आणि मग एक मेल्ट (एका वेळी वितळवलेला धातू) दुसऱ्याच्या शेजारी ठेवून बघायचा. पहिल्याच दिवशी "माझ्या अलॉयचा लिक्विडस ६१३.४ अंश आला" असं (अलॉय म्हणजे मिश्रधातू, लिक्विडस म्हणजे तो गोठायला सुरुवात होते ते तापमान) दशांशासकट सांगायला गेलात तर बहुतेक वेळा ते अलॉयबद्दल नसतंच, तुमच्या थर्मोकपलबद्दल असतं.

तत्त्व दोन मिनिटांत

द्रव धातू गार होताना तापमान एकसारखं उतरत जातं. गोठायला लागला की आतली सुप्त उष्णता बाहेर पडते आणि उतरणं मंदावतं किंवा थांबतंच. शुद्ध धातूत सपाट पट्टा दिसतो, त्याला आपण प्लॅटो म्हणू. अलॉयमध्ये आधी एक वळण येतं, तिथे पहिले स्फटिक तयार व्हायला लागले म्हणजे लिक्विडस, मग उतार कमी होऊन वक्र तिरका तिरका चालत राहतो, आणि शेवटी युटेक्टिक, म्हणजे उरलेला द्रव एकाच ठरलेल्या तापमानाला दोन घन होऊन गोठतो तो टप्पा, असेल तर परत एक पट्टा, तो संपला की सगळं घन.

ही सुप्त उष्णता किती मोठी असते त्याचा अंदाज असावा म्हणून हिशोब बघा. एल्युमिनियमची सुमारे ३९७ किलोज्यूल प्रति किलो, आणि द्रव एल्युमिनियम एक अंश गार व्हायला किलोमागे साधारण १.०८ किलोज्यूल सोडतो. म्हणजे गोठताना निघणारी उष्णता ही तोच द्रव साडेतीनशेहून जास्त अंश गार करण्याइतकी. तुमचा कप गोठायच्या आधी सेकंदाला एक अंश या वेगाने गार होत असेल तर शुद्ध एल्युमिनियमचा प्लॅटो सहा मिनिटांच्या आसपास चालला पाहिजे. कथलाला हाच भागाकार केला तर २४० अंशांच्या आसपास येतो, म्हणजे अर्धा अंश सेकंदाला या वेगाने आठेक मिनिटं. तुमचा प्लॅटो दीड मिनिटात संपला तर समजायचं की गोठायला लागल्यावर कुठून तरी उष्णता भराभर पळतेय किंवा थर्मोकपल कडेला टेकलाय. हा हिशोब मी अजूनही दर वेळी पाठच्या पानावर करतो.

सामान, आणि कुठे पैसे वाचवू नयेत

थर्मोकपल के टाइप घ्या, स्टेनलेस शीथचा (बाहेरच्या आवरणाचा), जाडी दीड ते तीन मिलिमीटर. सहा मिलिमीटरचा जाड घेतला तर तो टिकतो भरपूर पण रेंगाळतो, धातू पुढे गेलेला असतो आणि हा मागचं तापमान सांगत बसतो. दोन सेकंद मागे असेल आणि कप सेकंदाला एक अंश उतरत असेल तर दोन अंश जास्त दिसणार, साधं गणित आहे. के टाइपची नेहमीच्या ग्रेडची सूटच (चुकायची मुभा) अडीच अंश किंवा पाऊण टक्का, यातलं जे जास्त ते, अशी असते. म्हणजे ६०० अंशांना चार-साडेचार अंशांचा फरक हा दोष नाही, तो विकत घेतानाच पदरात पडलेला आहे.

थर्मोकपलपासून मीटरपर्यंतची वायरसुद्धा के टाइपचीच पाहिजे. मी सुरुवातीला घरातली साधी तांब्याची वायर जोडली होती आणि जोड भट्टीच्या तोंडाजवळ होता. तो जोड भट्टीच्या धगीने तापला, मीटरला वाटलं तो जोड खोलीच्या तापमानाला आहे, आणि कथील म्हणे २१० ला गोठतंय. दोन दिवस मी दुकानदाराला शिव्या घातल्या, भेसळ भेसळ म्हणून. वायरच्या टोकांची अदलाबदल झाली तर मीटरवर तापमान वाढायच्या ऐवजी उतरताना दिसतं, ते लगेच कळतं. आणि कुठलं टोक कुठलं हे रंगावरून समजत नसेल तर, कारण वेगवेगळ्या देशांचे रंग वेगवेगळे असतात, एक छोटं लोहचुंबक लावून बघा, के टाइपमधली चुंबकाला चिकटणारी तार ती निगेटिव्ह.

रीडिंग घ्यायला अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि मॅक्स ६६७५ चं मॉड्यूल (थर्मोकपलचा सिग्नल वाचणारी चिप) हा सगळ्यात स्वस्त मार्ग आणि शिकायला चालतो, पण त्याची मर्यादा समजून घ्या. तो पाव अंशाच्या पायऱ्यांनी आकडा देतो आणि सेकंदाला चारच्या आसपास रीडिंग. आता लागोपाठच्या दोन रीडिंगमधून उतार काढायला गेलात तर एक पायरी म्हणजेच सेकंदाला एक अंश, आणि तुमच्या कपाचा खरा उतारच तेवढा आहे! म्हणजे डेरिव्हेटिव्हच्या (उताराच्या) जागी नुसता करवतीचा दाता मिळणार. यावर उपाय आहे, पुढे येतो. बजेट असेल तर मॅक्स ३१८५६ बघा, त्याच्या पायऱ्या खूपच बारीक आहेत, किंवा डिपार्टमेंटला डेटा लॉगर पडून असेल तर तो मागून घ्या, बहुतेक ठिकाणी कपाटात पडलेलाच असतो.

कप म्हणून कथलासाठी छोटी मातीची किंवा ग्रॅफाइटची मूस, नाहीतर स्टीलचा ग्लास, जो परत कधीही स्वयंपाकघरात जाणार नाही. एल्युमिनियमसाठी पातळ स्टीलचा डबा आतून ग्रॅफाइट किंवा बोरॉन नायट्राइडचा वॉश (पातळ लेप) मारलेला. बाहेरून सिरॅमिक ब्लँकेट गुंडाळायचं म्हणजे हळू आणि सगळीकडून सारखं गार होतं. जुन्या हार्डवेअरच्या दुकानात अॅस्बेस्टॉसची दोरी-पत्रा अजून मिळतो, तो घेऊ नका.

सेफ्टीबद्दल लांबड लावत नाही पण हे वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. वितळलेल्या धातूखाली ओलावा गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि धातू वर उडतो. कप, चमचा, थर्मोकपल, स्क्रॅपचा तुकडा, जे काही धातूत जाणार ते सगळं आधी तापवून कोरडं करायचं, पावसाळ्यात तर दुप्पट वेळ. काम कोरड्या वाळूच्या ट्रेवर करा, नुसत्या कोबा-काँक्रीटवर नको, त्यातही पाणी असतं आणि गरम धातू पडला की टवका उडतो. फेसशील्ड, चामड्याचे हातमोजे, पायात बंद बूट, सुती कपडे. शिसं असलेल्या अलॉयसाठी खोली उघडी, एक्झॉस्ट चालू, हात धुतल्याशिवाय चहा नाही.

पहिली फेरी: नुसतं कथील

कथलापासूनच का, तर ते २३१.९ अंशांना गोठतं, साध्या हॉटप्लेटवर वितळतं, विषारी नाही, आणि तुम्ही चूक केली तर फार काही बिघडत नाही. दीडशे-दोनशे ग्रॅम घ्या, वजन लिहून ठेवा. वितळलं की साधारण २८० ते ३०० पर्यंत नेऊन वरची साय बाजूला सारा. थर्मोकपल तापवून बरोबर मधोमध सोडा, टोक द्रवाच्या निम्म्या खोलीला. हे हाताने धरून चालत नाही, एक पत्र्याचा आडवा तुकडा भोक पाडून कपावर ठेवा म्हणजे दर वेळी त्याच जागी बसेल. मग कप हॉटप्लेटवरून उचलून ब्लँकेटच्या घरट्यात ठेवा, वर झाकण, हीटर बंद, रेकॉर्डिंग चालू, आणि हात लावू नका.

हीटर नुसता बाजूला नाही तर बंदच करायचा, कारण इलेक्ट्रिक भट्टीची वायर जवळ असली की थर्मोकपलवर गोंगाट चढतो. आणि पंखाही बंद. माझ्या पहिल्या चांगल्या कर्व्हवर, मला वाटलेल्या चांगल्या, मधेच एक सुंदर फुगवटा होता, मी सरांना दाखवायला घेऊन गेलो की नवीन फेज सापडली. सरांनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं की साडेअकराला लाइट गेली होती ना? गेली होती. पंखा थांबला होता, गार होणं मंदावलं होतं, तो फुगवटा.

आता कर्व्ह बघा. कथील २३२ ला गोठायला पाहिजे पण ते बऱ्याचदा खाली सटकतं, कधी दोन-चार अंश, कधी त्याहून बरंच, आणि मग एकदम तापमान परत वर उसळतं आणि २३२ च्या आसपास स्थिरावतं. नवीन माणूस इथे घाबरतो की थर्मोकपल हलला की काय. हे अंडरकूलिंग. पहिला स्फटिक बसायला जागा मिळत नाही म्हणून द्रव गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवच राहतो, मग एकदा सुरुवात झाली की सुप्त उष्णता भसकन बाहेर येते आणि सगळंच वर चढतं, त्या चढण्याला रिकॅलेसन्स म्हणतात. तुमचं कॅलिब्रेशन प्लॅटोवरून करायचं, खड्ड्यावरून नाही. प्लॅटो २२९.५ ला दिसत असेल तर तुमचा थर्मोकपल या भागात २.४ अंश कमी दाखवतो, हे वहीत लिहा.

मग तोच धातू परत वितळवून परत काढा. आणि परत. तीन कर्व्ह एकावर एक ठेवले आणि प्लॅटो अर्ध्या अंशाच्या आत जुळले तरच पुढे जायचं. हा कंटाळवाणा भाग बहुतेक जण गाळतात आणि मग पुढे सहा महिने गोंधळ घालतात.

थर्मोकपल गोठलेल्या धातूत अडकला तर ओढू नका, परत वितळवून काढा. एल्युमिनियमला तर आधीच पातळ स्टीलची नळी घालून तिच्यात थर्मोकपल ठेवायचा, नळी गेली तरी चालते.

कल्हईच्या कथलाची तपासणी

हा माझा आवडता प्रयोग, आणि आपल्याकडे खरंच उपयोगी. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करायला कथील लागतं, आणि त्यात शिसं मिसळलेलं असलं तर ते पोटात जाणार. शिसं स्वस्त आणि कथील महाग, त्यामुळे मिसळायचा मोह कुणाला का होणार नाही. कूलिंग कर्व्हवर हे दिसतं. शिसं-कथलाचा युटेक्टिक १८३ अंशांना, ६१.९ टक्के कथलाला. शुद्ध कथलापासून त्या बिंदूपर्यंत लिक्विडस ४९ अंश खाली येतो तो ३८ टक्के शिशात, म्हणजे दर टक्क्याला साधारण सव्वा अंश. पाच टक्के भेसळ असेल तर गोठायला सुरुवात २२५ च्या आसपास होईल, प्लॅटो सपाट न राहता तिरका होईल, आणि नीट बघितलंत तर १८३ ला एक छोटासा अडखळा.

पण एक-दोन टक्केच शिसं असेल तर? १८३ चा अडखळा दिसेलच असं नाही कारण दोन-अडीच टक्के शिसं त्या तापमानाला घन कथलात विरघळून राहू शकतं, आणि लिक्विडस दोनेक अंशच खाली येणार, म्हणजे थर्मोकपलच्या चुकायच्या मुभेएवढंच! इथे ती तुलना कामाला येते. माहितीतलं शुद्ध कथील आणि बाजारातलं कथील, तोच थर्मोकपल, तोच कप, तेवढंच वजन, लागोपाठ. थर्मोकपल चुकीचा असला तरी दोन्ही वेळा तेवढाच चुकीचा, फरक मात्र खरा. तरीही हे सर्टिफिकेट नाही, संशय आला तर लॅबमधून रासायनिक तपासणी करून घ्या.

युटेक्टिक ठसठशीत बघायचा असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली ६०-४० सोल्डर घ्या, म्हणजे ६० टक्के कथील. ती युटेक्टिकच्या इतकी जवळ आहे की लिक्विडस १९० च्या आत-बाहेर आणि मग लगेच १८३ चा लांब पट्टा. मग तिच्यातच शिसं वाढवून ५०-५० करा, लिक्विडस २१५ च्या आसपास सरकेल, १८३ चा पट्टा तिथेच राहील पण आखूड होईल. आखूड का, तर युटेक्टिकला पोचेपर्यंत द्रवच कमी उरलेला असतो. असे चार-पाच मिश्रणांचे कर्व्ह काढून लिक्विडसचे बिंदू टक्केवारीवर मांडले की तुमचा स्वतःचा फेज डायग्राम तयार, आणि तो मी सांगतो, आयुष्यात विसरत नाही.

डेरिव्हेटिव्ह काढताना

नुसत्या कर्व्हवर मोठी वळणं दिसतात, बारीक दिसत नाहीत. म्हणून उतार काढून तो वेळेवर मांडायचा, स्प्रेडशीटमध्ये होतं. पण वर म्हटलं तसं शेजारच्या दोन रीडिंगमधून नाही. आत्ताच्या क्षणाच्या दोन सेकंद पुढचं तापमान वजा दोन सेकंद मागचं, भागिले चार. पाव अंशाची पायरी आता सेकंदाला ०.०६ अंश एवढीच खुपते, चालून जातं. वर थोडं स्मूथिंग करा, सॅवित्स्की-गोले (गोंगाट पुसून वळण जपणारी गणिती पद्धत) जमत असेल तर उत्तम, नाहीतर साधी चालती सरासरी.

खिडकी, म्हणजे किती सेकंदांची रीडिंग एकत्र धरायची ती, किती रुंद ठेवायची हा खरा प्रश्न. अरुंद ठेवली तर गोंगाट, रुंद ठेवली तर ग्राफ मऊशार गुळगुळीत दिसतो आणि जे बघायला आलो तेच पुसलं जातं. मी दोन रुंदीने काढून बघतो, एखादा उंचवटा दोन्हीत राहिला तर खरा. आणि त्यातही तो दुसऱ्या मेल्टच्या कर्व्हवर आला पाहिजे, एकदाच आलेल्या उंचवट्याला नाव द्यायचं नाही.

आता घन भाग किती झाला हे काढायची पद्धत. गोठणं झालंच नसतं तर उतार कसा गेला असता याची एक काल्पनिक रेघ काढायची, तिला बेसलाइन म्हणतात, आणि खरा डेरिव्हेटिव्ह आणि ही रेघ यांच्यामधलं क्षेत्रफळ म्हणजे सुप्त उष्णता. त्या क्षणापर्यंतचं क्षेत्रफळ भागिले एकूण क्षेत्रफळ, झाला घन अंश. एका थर्मोकपलवरून करतात ती न्यूटनची पद्धत, तीत असं धरलेलं असतं की कपात सगळीकडे तापमान सारखंच आहे. मधे एक आणि भिंतीजवळ एक असे दोन थर्मोकपल लावले तर फूरियेची. माझं मत विचाराल तर नवीन माणसाने यात पहिल्या महिन्यात पडू नये, कारण बेसलाइन जरा इकडेतिकडे वाकवली की घन अंश पाच-सात टक्क्यांनी सहज हलतो आणि मग आपण हवं ते उत्तर काढायला लागतो. दोन थर्मोकपलचा दुसरा उपयोग मात्र छान आहे, मध्य आणि भिंत यांच्या तापमानातला फरक सगळ्यात जास्त होतो तो क्षण साधारणपणे डेन्ड्राइट (झाडासारख्या फांद्या फुटलेले स्फटिक) एकमेकांत अडकून जाळं तयार झाल्याचा धरतात, तिथून पुढे धातू सहज वाहत नाही.

एल्युमिनियम-सिलिकॉन

कथलावर हात बसला की मग इकडे. गाड्यांची अलॉय व्हील बहुतेक ए ३५६ सारख्या अलॉयची असतात, सात टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम, तुटलेलं व्हील भंगारात मिळतं. लिक्विडसचा अंदाज तोंडी काढता येतो, शुद्ध एल्युमिनियम ६६० ला, युटेक्टिक १२.६ टक्के सिलिकॉनला ५७७, म्हणजे दर टक्क्याला साडेसहा अंश, सात टक्क्यांना ६१४ च्या आसपास.

भट्टीत ७२० ते ७४० पर्यंत न्या, ड्रॉस (वर तरंगणारी मळी) काढा, तापवलेल्या कपात ओता. कर्व्हवर पहिलं वळण ६१० च्या वर, मग लांब तिरका उतार, तिथे डेन्ड्राइट जाड होताहेत, मग ५७० च्या आसपास मोठा युटेक्टिक पट्टा, आणि शेवटी ५५० ला, जरा वरखाली, मॅग्नेशियमवाल्या युटेक्टिकचा छोटा अडखळा जो डेरिव्हेटिव्हशिवाय दिसत नाही. कप अर्धवट भरू नका, वर सिंक होऊन खड्डा पडतो आणि थर्मोकपलचं टोक उघडं पडलं की शेवटचा भाग गेला.

इथे बघण्यासारख्या दोन गोष्टी. लिक्विडसजवळचा खड्डा, म्हणजे अंडरकूलिंग, हा ग्रेन रिफाइनिंगचा (स्फटिकांचे दाणे बारीक करण्याचा) आरसा आहे. काही न टाकता ओतलं तर एक-दोन अंशांचा खड्डा आणि उसळी दिसते, टायटॅनियम-बोरॉनचा मास्टर अलॉय टाकून ओतलं तर ती जवळजवळ नाहीशी होते, कारण स्फटिकांना बसायला जागाच जागा. दुसरं, युटेक्टिक पट्टा किती खाली गेला. स्ट्रॉन्शियम, शंभर-दोनशे पीपीएम एवढंसं, टाकलं की सिलिकॉनच्या जाड पट्ट्यांऐवजी बारीक तंतू होतात, यालाच मॉडिफिकेशन म्हणतात, आणि पट्टा पाच ते दहा अंशांनी खाली सरकतो. म्हणून आधी बिनस्ट्रॉन्शियमचा कर्व्ह काढून ठेवायचा, त्याच मेल्टचा. दुसऱ्या लॉटचा जुना कर्व्ह शेजारी ठेवून तीन अंश कमी आले म्हणून मॉडिफिकेशन झालं म्हणायचं, हे चालत नाही, सिलिकॉन आणि मॅग्नेशियम बदललं तरी पट्टा हलतो.

बिडाचा कप

लोखंड घरी करायचं काम नाही, हे फाउंड्रीतच. बाजारात मिळणारा शेल सँडचा (राळेने पक्क्या केलेल्या वाळूचा) छोटा कप, आत सिलिकाच्या नळीत के टाइप थर्मोकपल, एकदाच वापरायचा. दोन जाती मिळतात, एकात तळाला टेल्युरियमची पेस्ट असते आणि दुसरा साधा, आणि हे दोन वेगळ्या कामाचे आहेत.

बिडाला गोठायचे दोन रस्ते असतात. ग्रॅफाइट तयार करत गोठला तर करडा, कार्बाइड करत गोठला तर पांढरा. सिलिकॉन वाढेल तसं या दोन युटेक्टिकमधलं अंतर वाढतं, दोन टक्के सिलिकॉनला वरचा, करड्याचा, ११६५ च्या आसपास आणि खालचा, पांढऱ्याचा, ११२५ च्या आसपास, म्हणजे चाळीस अंश. टेल्युरियम धातूला जबरदस्तीने पांढऱ्या रस्त्याने नेतो. मग लिक्विडसवरून कार्बन इक्विव्हॅलंट कळतो, पांढऱ्या युटेक्टिकवरून सिलिकॉनचा हिशोब लागतो, आणि दोन्हींवरून मीटर कार्बन काढून देतो.

लिक्विडससाठीचा इक्विव्हॅलंट म्हणजे कार्बन, अधिक सिलिकॉनचा पाव, अधिक फॉस्फरसचा अर्धा. समजा कार्बन ३.४, सिलिकॉन २.१, फॉस्फरस ०.०६, तर ३.९५ च्या आसपास आणि लिक्विडस ११७९ च्या जवळ. इक्विव्हॅलंट एक टक्का बदलला की लिक्विडस ११० अंशांहून थोडा जास्त हलतो, म्हणजे ०.०५ चा फरक पाच-सहा अंशांचा, म्हणून इथे थर्मोकपलचे दोन-तीन अंश परवडत नाहीत. नेहमी पाटीवर लिहितात तो सीई वेगळा, त्यात सिलिकॉन आणि फॉस्फरसचा तिसरा भाग धरतात, वरच्याच धातूचा तो ४.१२ येतो. दोन आकडे वेगळे आले म्हणून मीटर बिघडला नाही, हे शिफ्टला सांगून सांगून माझा घसा बसलाय.

साधा कप मात्र इनॉक्युलेशन (ग्रॅफाइट सहज तयार व्हावा म्हणून ओतायच्या आधी इनॉक्युलंट टाकणं) बघायला. तिथे युटेक्टिकचा खड्डा किती खोल गेला ते बघायचं, पांढऱ्या युटेक्टिकच्या रेघेच्या जितका जवळ तितकी पातळ सेक्शनमध्ये चिल (कडक पांढरा भाग) यायची भीती, आणि मग उसळी किती मोठी. इनॉक्युलंट टाकल्यावर खड्डा उथळ होतो आणि उसळी लहान. पण तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत उतरत जातो, त्यामुळे लॅडल भरताना घेतलेला कप आणि शेवटचा साचा ओतताना घेतलेला कप यांचे कर्व्ह सारखे येणारच नाहीत, कुठला कप कधी घेतला ती वेळ पेनाने कपावरच लिहा.

मेटल कपात ओतताना १३५० च्या खाली नसावं, नाहीतर लिक्विडसचं वळण मीटर पकडायच्या आधीच निघून जातं. कप काठोकाठ आणि एका दमात भरायचा, थांबून थांबून नाही. एसजी आयर्नवाल्यांनी (मॅग्नेशियम टाकून केलेलं गोल ग्रॅफाइटचं बीड) टेल्युरियमचा कप मॅग्नेशियम ट्रीटमेंटच्या आधीच्या मेटलचा घ्यावा, मॅग्नेशियम टेल्युरियमला निकामी करतं.

आणि कप गार झाला की फेकून देऊ नका. एका हातोड्यात तुकडा तोडा आणि फ्रॅक्चर बघा. टेल्युरियमचा कप आतपर्यंत चकचकीत पांढरा तुटला पाहिजे. मधे करडा डाग दिसला तर धातू अर्धा दुसऱ्याच रस्त्याने गेलाय, मीटरवर कार्बनचा आकडा कितीही छान आलेला असो, तो खोडायचा आणि दुसरा कप ओतायचा.